मामाच्या नावावरचं दीड वर्ष

३ फेब्रुवारी

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

जिन्यावरून पडून पाय मोडून घेतलास आणि सहा आठवडे प्लास्टरमध्ये घरी बसून आहेस, असं तुझ्या आईकडून कळलं. वाईट वाटलं. आता पुढे जे लिहितोय ते तुझ्या दुखण्याचा फायदा घेतल्यासारखं दिसेल. थोडंफार तसंच आहे.

तू शाळेत होतीस तेव्हा तुझ्या मामीसाठी मी एक प्रोग्रॅम लिहिला होता. मामी तेव्हा विणकाम शिकवायची आणि मागावरची नक्षी चौकटीच्या कागदावर पेन्सिलीने काढत बसायची. तोच तो, ‘वीण’. आज तो तीन ठिकाणी चालतो: विणकाम शाळेत, हॉस्पिटलच्या हात सुधारायच्या विभागात, आणि घरी माग असलेल्या साधारण दोनशे लोकांकडे. तिन्हीकडचे संगणक तीन तऱ्हेचे. शाळेत नवीन संगणक येताहेत, १ एप्रिलपासून जुने उचलून नेणार. नव्यावर ‘वीण’ उघडत नाही. खिडकी एकदा चमकते आणि मिटते. शाळेत चाळीस माग आहेत आणि सगळ्या नक्ष्या ‘वीण’मध्येच आहेत.

माझ्याच्याने आता होत नाही. तू हे काम रोज करतेस. सगळा कोड, पहिल्या दिवसापासून काय काय बदललं त्या इतिहासासकट, सोबतच्या पेन ड्राइव्हवर आहे. आधी तो आवरावा लागेल. वीस वर्षांत बरंच साठलंय.

फक्त ईमेल करू नकोस, पत्रच पाठव. फोनही नको. फोनवर कोडबद्दल बोललं की माझं डोकं उठतं.

तुझा,
मामा

११ फेब्रुवारी

प्रिय मामा,

साष्टांग नमस्कार, प्लास्टरमुळे सध्या नुसताच कागदावर.

घेतलं काम. खरं सांगू, बरं झालं. घरी बसून मी शेजाऱ्यांच्या बाल्कनीतले कपडे मोजायला लागले होते.

‘वीण’ उघडली आणि दोन दिवस नुसती वाचत बसले. तू काय लिहायचास रे! एका ओळीत जेवढं मावेल तेवढं कोंबायचं, नावं एकाच अक्षराची, आणि मध्येच एक टीप: ‘इथे हात लावू नये. का ते विचारू नये.’ मी विचारलं नाही, पण हात लावला. काही झालं नाही. दुसरीकडे लिहिलंयस, ‘हे का चालतं ते माहीत नाही, पण चालतं.’ आमच्या ऑफिसात असं कोणी लिहिलं तर मीटिंग बोलावतील.

आवराआवर सुरू केली आहे. तीन तऱ्हेच्या संगणकांसाठी तू तेच काम तीनदा लिहिलं आहेस. एकीकडे दुरुस्ती केलीस की उरलेल्या दोन ठिकाणी करायची राहिलेली. ते सगळं एका जागी आणते आहे. फाइलचा पत्ता लिहिताना मधली तिरकी रेघ कुठल्या संगणकावर कुठल्या बाजूला झुकते, एवढ्या एका गोष्टीचे तुझ्या कोडमध्ये एकशे बारा निवाडे आहेत. आता एक उरेल.

प्रोग्रॅममध्ये कुठूनच कोणी बोलावत नाही असा मेलेला कोड पण खूप आहे. जे प्रिंटर आता जगात कुठे नसतील त्यांच्यासाठी लिहिलेल्या चार फाइली काढल्या. काही फंक्शनं तर कोणाला उपयोगी पडली होती का, हेच कळत नाही. तीही काढते आहे. चालेल ना?

मामी कशी आहे? तुम्हा दोघांना बघून तीन वर्षं झाली.

तुझी,
ठकू

१७ फेब्रुवारी

चि. ठकूस,

पत्र मिळालं. जुन्या टिपांबद्दल काय बोलू? तेव्हा वय तसं होतं.

प्रिंटरवालं काढलंस ते ठीक. बाकीचं काढताना जरा हात आखडता घे. कोणी बोलावत नाही म्हणजे कोणाला नकोच असेल असं नाही. पुढे लागेल म्हणूनही माणूस एखादी गोष्ट करून ठेवतो.

आणि एक विचारायचं होतं. तू काढलेलं परत आणता येतं ना? की गेलं ते गेलं?

हॉस्पिटलच्या विभागातून परवा निरोप आला. हाताला मार लागलेले लोक तिथे लहान मागावर बसतात. एका सुताराने पाच महिन्यांनी पहिला टॉवेल पुरा केला. नक्षी ‘वीण’मधली. तुला कळवावंसं वाटलं.

मामी बरी आहे.

तुझा,
मामा

२६ फेब्रुवारी

प्रिय मामा,

काढलेलं परत येतं ना, असं तू मला विचारतोस? दहा वर्षांपूर्वी तूच मला शिकवलंस की इतिहासात सगळं राहतं, बिनधास्त काढावं. असो. येतं परत.

चांगली बातमी: दोन तऱ्हेच्या संगणकांवर ‘वीण’ स्वच्छ चालते आहे. शाळेतल्या नव्या संगणकांवर खिडकी आता उघडी राहते, पण नक्षी काढायला गेलं की कोरी दिसते. तेही सापडेल.

आता जरा भांडण. गेल्या दीड वर्षाच्या भागापर्यंत पोचले. हे कोणाकडून लिहून घेतलंस? कोणी शिकाऊ धरला होतास का? ही काय नावं आहेत: ‘पहिली ओळ नीट मोजून घे’, ‘धागा सुटला असेल तर थांब’! एका ओळीचं काम आठ ओळींत, आणि प्रत्येक ओळीच्या डोक्यावर ती काय करते याचं स्पष्टीकरण, तिसरीच्या वर्गाला सांगितल्यासारखं. बेरीज करताना कागदावर हातचा मांडावा तसं मांडलंय. मी आणि माझी मैत्रीण पोट धरून हसलो. ती म्हणाली, हा गाढवपणा आहे, पण फार मन लावून केलेला.

सगळ्यावर नाव मात्र तुझंच आहे. दुसऱ्याची पापं आपल्या नावावर घेऊ नयेत, मामा.

तुझी,
ठकू

३ मार्च

चि. ठकूस,

ते कोणाकडून लिहून घेतलेलं नाही. मीच लिहिलं आहे. वय झालं की हात तेवढा चालत नाही.

जे चुकीचं आहे ते काढ. जे नुसतं लांब आहे ते राहिलं तर बरं.

शाळेच्या बाईंना मी २५ मार्च सांगितली आहे. जमेल का तेवढं कळव. बाकी सवड मिळेल तसं लिहिते.

मामा

९ मार्च

प्रिय मामा,

हे पत्र तीनदा लिहून फाडलं. सरळच लिहिते.

मागच्या पत्रात मी जे हसले त्याबद्दल माफ कर. हा तुझाच कोड आहे हे कळल्यावर मी इतिहास तारखांनुसार नीट लावून पाहिला. गेल्या वर्षी एकवीस दिवसांत तू एकच काम करणारं फंक्शन तीनदा लिहिलं आहेस. तीन वेगवेगळ्या फाइलींत, तीन नावांनी. दुसरं लिहिताना पहिलं आठवत नसावं, तिसरं लिहिताना दुसरं. तिन्ही अर्धवट. तिन्ही कुठूनच बोलावलेली नाहीत, म्हणून मेलेला कोड समजून मी ती पहिल्याच आठवड्यात काढून टाकली होती.

शिवाय तू मला विचारलंस की काढलेलं परत येतं का. आणि गेल्या पत्राच्या शेवटी ‘लिहिते’ असं लिहिलंस. आधी मी हसले, मग हसू गेलं.

मामा, विसरायला होतंय का? असं होत असेल तर लाजण्यासारखं त्यात काही नाही. वेळेवर डॉक्टरांकडे गेलं तर पुष्कळ करता येतं. मामीला सांगितलं आहेस का? नसेल तर मी सांगते. येत्या रविवारी मी तिला फोन करणार आहे. रागावलास तरी चालेल.

कोरी दिसणारी नक्षी आता दिसते आहे. काम वेळेत होईल. त्याची काळजी करू नकोस.

तुझी,
ठकू

१२ मार्च

चि. ठकूस,
आशीर्वाद.

रविवारी फोन करू नकोस. हे पत्र त्याआधी मिळावं म्हणून कुरिअरने पाठवते आहे.

मी मामी. पहिल्यापासूनची सगळी पत्रं मीच लिहिली आहेत. ‘लिहिते’ तेवढं चुकून खरं निघालं.

यांची बुद्धी शाबूत आहे. गेले आहेत ते डोळे. दोन वर्षं झाली. नजरेच्या मधोमध डाग आहे, कडेचं तेवढं दिसतं. माझा चेहरा बघायचा तर मान वळवून दाराकडे बघतात. नातेवाइकांना सांगायचं नाही अशी तंबी होती, म्हणून तुझ्या आईलाही माहीत नाही.

पहिले सहा महिने हे सांगायचे आणि मी टाइप करायचे. रोज भांडण. मी कंस विसरले की हे ओरडायचे. मग एक दिवस म्हणाले, “बंद कर हे. सगळ्यांना कळव, ‘वीण’ संपली म्हणून.” निरोपाचं पत्र यांनी सांगितलं, मी टाइप केलं, संगणकाकडून वाचून घेऊन यांनी ते ऐकलं. मान हलवली आणि रेडिओ लावून बसले.

मी ते पाठवलं नाही.

का, ते मला नीट सांगता येणार नाही. हॉस्पिटलला काय सांगायचं हा प्रश्न होताच. पण मुख्य गोष्ट ही की यांनी एकदा बंद केलेली वस्तू परत उघडत नाही. तीस वर्षं बघते आहे. म्हणून ती बंद झाली नसलेलीच बरी, असं वाटलं. लोकांची पत्रं मी दुसऱ्या पत्त्यावर वळवली. हे सकाळी फिरायला गेले की मी ती वाचायचे, दुरुस्त करता येईल ते करायचे. पुस्तक आणून शिकले. तुला हसू आलं ते बरोबर आहे. मी तीस वर्षं शाळेत विणकाम शिकवलं, त्यामुळे जे लिहिते ते वर्गाला सांगितल्यासारखंच होतं.

ईमेल नको म्हटलं, कारण आमच्या घरी आलेला ईमेल संगणक मोठ्याने वाचतो. घरभर ऐकू जातो. कागदावरचं मात्र यांना वाचता येत नाही. असं लिहिताना बरं वाटत नाही, पण तसंच आहे.

राहिली ती तीन फंक्शनं. मी विसरले नव्हते. ‘वीण’ने नक्षी बोलून दाखवावी असं मला हवं होतं. पहिल्या ओळीला मागाच्या कुठल्या चौकटी वर उचलायच्या, दुसऱ्या ओळीला कुठल्या. म्हणजे यांना नुसतं ऐकून काम तपासता आलं असतं. तीनदा प्रयत्न केला, तिन्ही वेळा अडले. बोलायचं कुठून सुरू करायचं तेच सापडेना. तू काढलंस हे वाचलं तेव्हा ते परत येतं का म्हणून विचारलं. ते मला खरंच माहीत नव्हतं.

तुझ्या मनाला लावून घेऊ नकोस.

मामी

१६ मार्च

प्रिय मामी,

मी मैत्रिणीला तुझं पत्र वाचून दाखवलं. ती उठून चहा करायला गेली. माफी मागून झाली असं समज, कारण नीट मागायला बसले तर कामाचं राहून जाईल.

रागही आला आहे, तेही लिहून टाकते. मी महिनाभर मामाशी बोलते आहे असं समजत होते. आणि मामा तिकडे रेडिओ ऐकत होता.

तिन्ही फंक्शनं परत आणली. पहिल्यात मोजणी एका ओळीने पुढे सरकते. तिसऱ्यात तू घाबरून सगळीकडे ‘थांब’ लिहिलं आहेस. दुसरं मात्र बरोबर आहे, मामी. अगदी बरोबर. ते फक्त कोणी बोलावलंच नव्हतं. खिडकीत बटण नाही, कळफलकावर कळ नाही, मग ते बोलणार कधी? मी एक कळ जोडली. तिन्ही तऱ्हेच्या संगणकांचा आवाज वेगवेगळ्या जागी राहतो, तेवढ्यापुरते माझे तीन दिवस गेले. बाकी सगळं तुझं आहे.

सोबतच्या पेन ड्राइव्हवर नवीन ‘वीण’ आहे. शाळेसाठीची वेगळी ठेवली आहे, ती बाईंना सरळ देऊन टाक. आपल्या घरच्या संगणकावर दुसरी चढव, कुठलीही नक्षी उघड आणि ‘ब’ दाब.

पण ‘ब’ दाबायच्या आधी मामाला सगळं सांग. संगणक सांगेल आणि मग तू सांगशील, असं करू नकोस.

तुझी,
ठकू

२८ मार्च

चि. ठकूस,
आशीर्वाद.

शाळेचं काम झालं. बाईंनी चाळीसही मागांच्या नक्ष्या उघडून पाहिल्या. दोन ठिकाणी रंग फिका दिसतो म्हणाल्या, तो पडद्याचा दोष निघाला.

आता घरचं. तू सांगितलंस तसं केलं. १९ तारखेला हे फिरून आले, चपला काढल्या, तेव्हाच समोर बसवलं आणि सांगितलं. न पाठवलेल्या पत्रापासून तुझ्या पत्रांपर्यंत सगळं.

यांनी एवढंच विचारलं, “दीड वर्ष?”

म्हटलं, “हो.”

“माझ्या नावाने?”

“हो.”

“आणि लोकांना वाटतंय ते मीच लिहितोय.”

म्हटलं, “ठकूला तर वाटलं तुमचं डोकं गेलं.”

मला वाटलं हसतील. हसले नाहीत. उठून आतल्या खोलीत गेले. पाच दिवस माझ्याशी बोलले नाहीत. जेवायला यायचे, ताट सरकवून उठायचे. मी दोनदा बोलायला गेले तर रेडिओचा आवाज वाढवला. यांचा राग रास्त होता. आंधळ्या माणसाच्या पाठीमागे त्याच्या नावाने कारभार केला, हे कुठल्या शब्दांत सांगितलं तरी तसंच ऐकू येतं.

सहाव्या दिवशी मी बाजारातून आले तर हे संगणकासमोर बसलेले. मान दाराकडे वळवलेली, म्हणजे बघत पडद्याकडे होते. म्हणाले, “काय दाबायचं म्हणालीस?”

मी सांगितलं. ‘ब’ कुठे आहे ते यांना सांगावं लागत नाही.

मी हिऱ्याची नक्षी उघडून दिली. ‘वीण’ बोलायला लागली. पहिली ओळ, एक आणि दोन वर. दुसरी ओळ, दोन आणि तीन वर. आवाज बाईचा आहे, जरा नाकातला. हे डोळे मिटून ऐकत होते, बोटं टेबलावर वर-खाली. बावीस ओळी झाल्या. म्हणाले, “परत.” परत बावीस. मग म्हणाले, “चौदावी चुकली.”

मी म्हटलं, चुकलेली नाही. ते म्हणाले, चुकलेली आहे, चौदाव्या ओळीनंतर धागा लोंबत राहील. मी कागद काढला, चौकटी आखल्या, पेन्सिलीने भरल्या. अर्धा तास गेला. चुकलेली होती. हॉस्पिटलमधल्या सुताराला पाठवलेली नक्षी हीच. त्याच्या टॉवेलात तेवढा एक धागा सैल असणार. तो बिचारा काही बोलला नाही.

मी तसं सांगितलं तर हे म्हणाले, “त्याला आज कळव. चूक आपली आहे म्हणून लिही.”

आपली म्हणाले.

मामी

६ एप्रिल

ठके,

हे पत्र मी स्वतः टाइप केलं आहे. चुका असतील तर राहू देत. हिला हात लावू दिलेला नाही.

प्लास्टर निघालं असेल. जिने जपून उतर.

मी रागावलो होतो आणि तो राग अजून पुरता गेलेला नाही. तो आमचा विषय आहे. तू त्यात पडू नकोस आणि हिची बाजू घेऊन पत्र लिहू नकोस. तू लिहिणार होतीस हे मला माहीत आहे.

आता कामाचं. गेला आठवडाभर मी सगळा कोड संगणकाकडून वाचून घेतला, ओळ न् ओळ. आधी माझा, मग हिचा. माझा ऐकताना डोकं फिरलं. अ बरोबर ब गुणिले क, अ मोठा असेल तर ग. तो ग कोण, हे मलाच आठवेना. डोळ्यांनी वाचताना एका नजरेत सगळं दिसायचं, म्हणून खपून गेलं. कानाने काही लागत नाही. वीस वर्षं मी ते फार सफाईदार समजत होतो.

हिचं लांबलचक आहे. पण ‘धागा सुटला असेल तर थांब’ असं कानावर पडलं की कुठे आहोत ते कळतं. एकदाही मागे जाऊन ऐकावं लागलं नाही. तेव्हा तू जी आवराआवर करते आहेस तिची दिशा बदल. हिचं आखूड करू नकोस. माझं लांब कर. प्रत्येक अक्षराला धड नाव दे. कुठलं अक्षर म्हणजे काय ते मी आठवून सांगतो, यादी सोबत आहे. ‘ग’ अजून आठवलेला नाही.

तुला पगारी काम आहे, तेव्हा घाई नाही. महिन्याला एक फाइल केलीस तरी चालेल.

लोकांना पाठवायचं एक पत्र मी हिला सांगून लिहून घेतलं. गेल्या दीड वर्षात तुमच्या तक्रारींना उत्तरं कोणी दिली आणि दुरुस्त्या कोणी केल्या, ते त्यात नावानिशी आहे. हे पत्र मात्र जाताना मी स्वतः ऐकलं. ईमेल गेल्याचा आवाज येतो.

फोन केलास तरी आता हरकत नाही. फक्त सकाळी दहा ते बारा करू नकोस. त्या वेळात आम्ही कामात असतो.

मामा